चक्कर वाचली

बुधवार, रात्री उशिरा

झालं तसं काहीच नाही. कुणी भांडलं नाही, कुणाचं दुखलंखुपलं नाही. काल लातूरहून आमच्या लेकीचा, माईचा फोन आला, चांगली हसत होती. तरी कालपासून छातीत काहीतरी अडकून बसलंय. हिला सांगावं तर ही म्हणणार, पित्त झालंय, ओवा खा. म्हणून लिहायला बसलो.

माईनं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा रूमवरच्या इंडक्शनवर तवा तापलेला होता आणि ताटात पिठाचे गोळे करून ठेवलेले. ‘पप्पा, बघा, रॅप करायलोत आम्ही.’ तव्यावर पोळीसारखंच दिसत होतं, पण जरा जाड, पांढरं, वर टम्म फोड. एका मैत्रिणीनं काकडी-कांदा चिरून ठेवलेला, दुसरीनं बटाटे परतलेले. माईनं ती पोळी उलटली, काढली, सुती ओढणीच्या घडीत ठेवली, लगेच दुसरी टाकली. हात काय भरभर चालत होता! घरी असताना चहाचं पातेलं तरी उतरवलं असेल का हिनं, असा विचार मनात आला, तेवढ्यात ती म्हणाली, ‘आता डबा नका पाठवू पप्पा. अर्ध्या तासात होतंय सगळं. तुमची सकाळची चक्कर बी वाचंल.’

मी म्हणालो, ‘बरं.’

हिनं तर मागून टाळीच वाजवली. ‘बरं झालं गं माय, आता पाचला उठायचं नाही.’ दोघी खिदळल्या. मग मैदा किती, दही किती हे मायलेकींचं सुरू झालं आणि मी बातम्या लावल्या. बातम्या काय होत्या ते विचारू नका.

तुमची चक्कर वाचंल.

मी कधी तिच्यासमोर म्हणालो होतो का, की कटाळा येतो म्हणून? आठवून बघितलं. पावसाळ्यात एकदा छत्री उलटली तेव्हा घरी येऊन बडबडलो असेन, पण ती तेव्हा लातूरलाच होती. गुडघ्याचं तिला माहीत नाही. मग हे तिच्या डोक्यात आलं कुठून? रोज सकाळी बाप स्टँडवर जातो हे तिला चक्कर वाटतं, हे मला काल कळलं. मला ते काय वाटत होतं ते मात्र अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी अहमदपूरकडून लातूरला जाणारी गाडी यायच्या आधी, तिकडं शिकणाऱ्या लेकरांचे डबे एसटीत ठेवायला चाकूरच्या स्टँडवर आम्ही डबेवाले बाप उभे असतो. आयांचं काम घरात संपलेलं, इथून पुढं बापांची हद्द. कापडी पिशवीवर लेकराचं नाव आणि मोबाइल नंबर, काहींच्या डब्यावर थेट ऑइल पेंटनं लिहिलेलं. गाडी दिसेपर्यंत बोलणं तेच ते. टेस्टमध्ये किती मार्क पडले, कुणाचं रँक कितीवरून कितीवर घसरलं, यंदा कटऑफ कुठं जाईल. मग सोयाबीन. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, आणि आडतीत हातात काय पडतं ते ज्याचं त्याला माहीत. आमच्यातले मेडिकल दुकानवाले रोज म्हणतात, ‘दोन वर्षं झाली की सुटलो बघा.’ आणि सगळे रोज हसतात.

नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं ओळीनं यायला लागली, सगळा महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणायला लागला. पेपरात पोरांचे फोटो यायचे, आईवडिलांना पेढा भरवताना. खेड्यापाड्यातून एसटीच्या टपावर, ड्रायव्हरच्या मागं, बॉनेटजवळ रचून गेलेल्या डब्यांचा फोटो मी तरी कधी पाहिला नाही. असो. हा विषय निघाला की मी फार बोलतो, असं घरचे म्हणतात.

आज सकाळी गेलो नाही. जायचं कारणच नव्हतं. अंगणात उभा राहिलो, पेपर दोनदा वाचला.

दुपारी ही भिशीला गेली आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. का, ते मलाच माहीत नाही. असं काय जमतं अर्ध्या तासात, ते बघावं म्हटलं. माईनं हिला पाठवलेला व्हॉइस मेसेज हिच्याच फोनवर, आणि फोन भिशीला गेलेला. पण काल बातम्या बघता बघता एक कान तिकडंच होता. दोन वाट्या पीठ, निम्मा मैदा निम्मी कणीक. पाव वाटी दही. पाव चमचा खायचा सोडा, मीठ, चमचाभर तेल, आणि लागेल तसं कोमट पाणी. यीस्ट नाही, रात्रभर भिजवणं नाही.

दह्यातलं आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे समीकरण मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही लिहीन. पण परातीत बोटाखाली पीठ हलकं होत जाताना पहिल्यांदा कळलं. पोरांना उगाच चुन्याची निवळी दाखवत बसलो, परात न्यायला पाहिजे होती वर्गात.

पहिला गोळा मळल्या मळल्या लाटायला घेतला. लाटणं उचललं की कडा परत आत. पुन्हा लाटलं, पुन्हा आत. मग आठवलं, माई म्हणाली होती, झाकून ठेव पंधरा मिनिटं. गव्हाच्या पिठाला पाणी लागून ते मळलं की त्यातल्या प्रथिनांचं जाळं तयार होतं, ग्लुटेन म्हणतात ते. मळून मळून ते ताणलेलं असतं. थोडा वेळ सोडून दिलं की सैल होतं आणि मग लाटेल तसं पसरतं. वाटीखाली झाकून ठेवलं आणि त्या पंधरा मिनिटांत काय करावं ते कळेना. ओटा पुसला. पुन्हा पुसला. ही एवढ्या वर्षांत या मधल्या वेळात काय करत आली असेल? भाजी, दुसरं काय.

दुसऱ्या खेपेला पीठ शहाण्यासारखं वागलं. तवा मात्र चांगला तापलेला पाहिजे. मंद आचेवर पोळी फुगायच्या आधी वाळते आणि मग दुमडली की तडकते. कडक आचेवर मिनिटभरात फोड येतात, उलटून अजून अर्धं मिनिट, की काढली. काढली की लगेच कापडात. आतली वाफ तिथंच मुरते आणि पोळी मऊ राहते. माझ्या पोळीचा आकार कुठल्याच जिल्ह्याच्या नकाशाशी जुळत नव्हता, पण मोडली नाही. दुमडली, गुंडाळली, सोडली, तरी मोडली नाही. खरं सांगतो, आनंद झाला. आणि आनंद झाला तसा परत रागही आला. एवढंच होतं तर! एवढ्याशा गोष्टीनं माझी सकाळ गेली.

कारण डब्याचं सगळं गणितच मोडण्याचं होतं. ज्वारीची भाकरी डब्यात टिकत नाही. ज्वारीत ते ग्लुटेन नाही. म्हणून तर आधणाचं पाणी घालून पीठ मळावं लागतं. गरम पाण्यानं स्टार्च फुलतो, चिकटपणा येतो, तेवढ्या भरवशावर भाकरी थापली जाते. तव्यावरून उतरली तेव्हा पापुद्रा सुटलेला, खावी तर तेव्हाच. गार झाली की कडक, दुपारपर्यंत तुकडे. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, मोठमोठ्या हॉटेलांत ज्वारी गेली. पण घरच्या परभणी मोती ज्वारीची भाकरी लातूरपर्यंत धड पोचवायची सोय त्यातूनही निघाली नाही. म्हणून माईच्या डब्यात पोळ्या, धपाटे, जास्त दिवसांचं असलं तर दुधातल्या दशम्या. दशमी तीन दिवस राहते. बरोबर शेंगदाण्याची चटणी, तेल वेगळ्या बाटलीत.

माझ्या डब्यात भाकरीच असायची.

मी लातूरला शिकायला होतो तेव्हा अण्णा, माझे वडील, फाट्यावर यायचे. आमच्या गावात गाडी येत नव्हती, शेतातून चालत फाट्यापर्यंत यायचं आणि हात करून गाडी थांबवायची. कंडक्टर ओळखीचा असला तर बरं. डबा मला लातूरला दुपारी मिळायचा. भाकरीचे तुकडे पिठल्यात कालवून खायचो आणि मित्रांना म्हणायचो, आमच्याकडं अशीच खातात. अण्णा किती वाजता घरून निघत असतील, पावसात तो ओढा कसा ओलांडत असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. सतरा वर्षांच्या पोराला डबा येतो एवढंच कळतं. तो कुठून येतो, कुणाच्या पायानं येतो... अण्णांचं जाऊ द्या.

पण कापडाच्या घडीत पोळ्या ठेवता ठेवता हे डोक्यात आलं आणि मी जरा थांबलो. तुमची चक्कर वाचंल, असं म्हणायला आधी ती चक्कर दिसावी लागते. या पोरीला ती दिसली. बायोलॉजीचं एवढं ओझं, रोज टेस्ट, रात्री एकपर्यंत जागरण, आणि तरी तिला सकाळी स्टँडवर उभा असलेला बाप दिसतो. मला तर तेवढंही... बरं, पुढं.

म्हणजे मी कालपासून रुसलो ते कशावर? तिनं माझी काळजी केली त्यावर? हे कुणाला सांगितलं तर हसतील. मेडिकलवाले तर नक्कीच.

तरी एक गोष्ट आहे. तिनं विचारायला पाहिजे होतं. ‘पप्पा, तुम्हाला त्रास होतो का?’ मी नाही म्हणालो असतो. मग ती म्हणाली असती, तरी राहू द्या. मी म्हणालो असतो, बघू. असं चार दिवस चाललं असतं. थेट निकाल हातात दिला, तो लागला. आणि निकाल माझ्याच घरात शिकलेल्या पद्धतीनं दिला, हेही आहे. मला पेन्शनीत जाताना कुणी विचारलं होतं का?

ही आली ती दारातूनच, ‘काय जळायलंय?’ काही जळत नव्हतं, तव्यावर सांडलेलं पीठ होतं. ओट्यावर मैदा, माझ्या बनियनवर मैदा, चष्म्यावरसुद्धा. ‘अहो, काय करायलात?’ मी काही बोललो नाही. तिनं कापड उघडून वरची पोळी उचलली, उजेडात धरली, दोन बोटांत दाबून बघितली. बाई तपासणीला आल्यासारखी. मग त्यात सकाळची वांग्याची भाजी भरली, वरून चटणी, कच्चा कांदा, गुंडाळून उभ्या उभ्या खाल्ली. अर्धी झाल्यावर म्हणाली, ‘दही आंबट पाहिजे होतं अजून.’ उरलेली अर्धी झाल्यावर म्हणाली, ‘मैदा आणला कुठून?’ किराणावाल्याकडून आणला होता. ‘मग सोडा?’ सोडा घरात होता, ढोकळ्याचा. ‘उद्याला करा अजून. माझ्या जिवाला तेवढाच आराम.’

हे एक नवीनच लागलं मागं.

रात्री तिनं फोटो काढून माईला पाठवला, मला न विचारता. माईनं हसण्याची ती पिवळी तोंडं ओळीनं पाठवली आणि खाली लिहिलं, पप्पा, कडा पातळ लाटा, मधे जाड राहिलीय. फोटोवरून कसं कळलं तिला? पण बरोबर होतं. मधे जाडच राहिली होती. मी लिहिलं, मेयोनीज घालू नकोस, चटणी घाल. तिनं लिहिलं, दोन्ही घालते. मग मी अंगठा दाखवणारं ते चित्र पाठवलं, आणि फोन ठेवला. हिच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण नंतर कणीक जास्त की मैदा जास्त यावरून हिच्याशी बोलताना माझा आवाज दिवसभरात पहिल्यांदा जरा चढला होता.

आता राहिला प्रश्न डब्याचा. आमचे डबे दोन होते. एक जायचा तेव्हा दुसरा रिकामा परत यायचा. कालचा तिकडंच राहिलाय. चार पुडांचा, जुन्या जड स्टीलचा, हिच्या माहेरचा, असला आता मिळत नाही. रविवारी लातूरला जाऊन घेऊन येतो, असं मी मघाशी हिला म्हणालो.

‘कशाला? गाडीत ठेव म्हणावं, स्टँडवर उतरवून घ्या.’

मी म्हणालो, एवढा चांगला डबा असा कुणाच्या भरवशावर सोडायचा नसतो.

‘रोज सोडतच होतात की,’ ही म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

रविवारी सकाळची गाडी पकडतो. दही इथूनच नेतो, आंबट.