लाल भोपळ्याचे बियाणे राखताना
जानेवारीत दादरच्या बाजारातून घारग्यांसाठी नेहमीची फोड न घेता मी मुद्दाम देठासकट अख्खा लाल भोपळा आणला, कारण बियाण्यासाठी फळ पूर्ण पिकलेले लागते. सालीत नख रुतत नव्हते, तरीही तो 3 आठवडे ओट्याखाली तसाच ठेवला. फळ तोडल्यानंतरही आतल्या बिया भरत राहतात.

कापल्यावर धाग्यांत गुंतलेल्या बिया चाळणीत घेऊन नळाखाली चोळल्या आणि दाबल्यावर पोकळ लागलेल्या टाकून दिल्या. भोपळ्याच्या चांगल्या बियाही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे बुडण्याची परीक्षा येथे उपयोगाची नाही. पूर्वी एकदा त्या वर्तमानपत्रावर पसरल्या होत्या, तेव्हा प्रत्येक बीला राशिभविष्याचा कपटा चिकटला होता. या वेळी स्टीलच्या ताटात, सावलीत, पंख्याखाली, दिवसातून दोनदा हलवत 10 दिवस वाळवल्या आणि बी वाकवल्यावर न लवता कट्कन मोडली, तेव्हाच कोरड्या राखेच्या पुरचुंडीसह काचेच्या बरणीत भरल्या. मुंबईत हे काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे, असे माझे ठाम मत आहे. जुलैच्या दमट हवेत बी वाळण्याऐवजी बुरसते.

फळ संकरित वाणाचे असेल किंवा मधमाश्यांनी शेजारच्या वेलाचा पराग आणला असेल, तर नवे फळ तसेच निघेल याची खात्री नसते. बाजारातल्या भोपळ्याबाबत एवढा जुगार पत्करावाच लागतो.

जूनमध्ये गच्चीवरच्या पिंपात 4 बिया टोचल्या. आठवड्यात 3 उगवल्या. चौथी बहुधा उंदराने नेली.