तीनदा मोजलं, तीन उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. "दादा, आपल्या तिन्ही कॉम्प्युटरवर विंडोज टेन आहे. त्याचे अपडेट बंद झाले म्हणतात. लिनक्स टाकून द्याल का?"

14 ऑक्टोबर 2025 ला ते बंद झाले होतेच, आणि त्या मशीनवर विंडोज इलेव्हन बसणं शक्य नव्हतं. कोअर टू ड्युओ ई7500 हा जुना प्रोसेसर, जी31 चा मदरबोर्ड, डीडीआर2 या जुन्या प्रकारच्या रॅमच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या. त्या बोर्डावर चार जीबीपेक्षा जास्त रॅम चालतच नाही. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून 2010 साली घेऊन दिलेली ही मशीन. माझं दुकान अकोल्यात, शाळा तिथून वर डोंगराकडं. लिनक्स मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि सकाळच्या एसटीनं गेलो.

पहिली दोन मशीन दुपारच्या आत झाली. तिसरं अडलं. 'कॉपीइंग फाइल्स' चालू असताना मधेच पाटी आली: एरर नंबर 5, इनपुट/आउटपुट एरर. खाली लिहिलेलं, की असं बहुतेक वेळा खराब सीडी किंवा खराब हार्ड डिस्कमुळं होतं. डिस्क पंधरा वर्षांची. मी तिथल्या तिथं मॅडमना सांगितलं, "डिस्क गेली." त्या म्हणाल्या, "मग नवीन टाका, पैसे मी देते." शाळेकडं त्यासाठी तरतूद नव्हती, म्हणजे पैसे त्यांच्या पगारातून जाणार होते.

माझ्या बॅगेत एक 240 जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, होती. ती जोडली. पुन्हा तीच पाटी. पण आधी काम 38 टक्क्यांवर थांबलं होतं, आता 71 वर. तेव्हा कुठं मी शांत बसून विचार केला, जो आधीच करायला हवा होता. डिस्कवरचा एखादा भाग खराब असेल तर गाडी दर वेळी साधारण त्याच जागी अडते. इथं जागा बदलत होती. पेनड्राइव्हवर संशय घ्यावा, तर त्याच पेनड्राइव्हनं शेजारची दोन मशीन झाली होती. जुनी डिस्क परत जोडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचे, आकडे काढले. खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य, संशयित म्हणून प्रलंबित शून्य. डिस्क ठणठणीत होती.

मग लाइव्ह मोडमध्येच, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालू असताना, टर्मिनल उघडलं आणि पेनड्राइव्हवरच्या मोठ्या स्क्वॉशएफएस फाइलचा, जिच्यात सगळं लिनक्स दाबून बसवलेलं असतं, तिचा एसएचए256 चेकसम काढला. फाइलचा बाइट न् बाइट वाचून त्यावरून 64 अक्षरांचा एक ठसा तयार होतो. एक बिट जरी इकडचं तिकडं झालं तरी सगळा ठसा बदलतो. आलेला ठसा वहीत लिहून घेतला. आधी वाचलेलं रॅममध्ये साठून राहतं ती कॅश रिकामी करून पुन्हा काढला. वेगळा. तिसऱ्यांदा काढला. तिसराच. फाइल तीच, कुणी हातही लावलेला नाही, आणि मशीन दर वेळी वेगळं उत्तर देतंय. वीस वर्षं हे काम करतोय, पण त्या तीन ओळी एकाखाली एक बघून अंगावर काटा आला.

मशीन बंद करून मेमटेस्ट, म्हणजे रॅमची चाचणी, लावली. नवव्या मिनिटाला पहिली लाल ओळ आली, मग भराभर येत गेल्या. जिथं आठही एफ यायला हवे होते, तिथं एका जागी ई. सगळ्या ओळींत तीच जागा. म्हणजे रॅममधलं एकच बिट, ज्यात एक लिहिला तरी शून्य वाचला जायचा. कॉपी होताना फाइल रॅममधून जाते, आणि तीही दाबून बसवलेली. एक बिट बिघडलं की तो अख्खा तुकडा उलगडत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, वर कळवतो की वाचता आलं नाही, आणि इन्स्टॉलर बिचारा डिस्कवर बोट ठेवतो. सर्व्हरच्या ईसीसी, म्हणजे चूक तपासणाऱ्या, रॅमला अशी चूक ओळखता येते, या साध्या रॅमला येत नाही.

पट्ट्या काढून पिवळे पाय खोडरबरानं घासले. फरक नाही. एकेक पट्टी दोन्ही खाचांत लावून पाहिली. आतल्या खाचेतली पट्टीच दोषी निघाली, खाच नव्हे.

हे मी मॅडमना सांगत होतो तेव्हा त्यांनी मधेच विचारलं, "दादा, हे कधीपासून असेल?" नक्की सांगता येणार नव्हतं. पण विंडोज अधूनमधून निळं पडायचं का, सेव्ह केलेल्या फाइल उघडायच्या नाहीत का, असं मी विचारलं. त्या गप्प झाल्या. गेल्या वर्षी निकालाची एक्सेल फाइल अशीच गेली होती. त्याच्या आदल्या दिवशी सहावीतल्या एका मुलानं घरून आणलेला पेनड्राइव्ह लावला होता. व्हायरस त्यानंच आणला असं ठरलं, आणि तेव्हापासून त्याला या खोलीत यायची मनाई होती.

निकालाची फाइल नेमकी कशानं गेली हे आज छातीठोक सांगता येत नाही, आणि मी तसं म्हणालोही. पण जिच्यातून जाणारी कुठलीही फाइल बिघडू शकत होती, ती पट्टी समोर टेबलावर पडलेली होती. त्या पोरावरचा आळ कुठल्या पुराव्यावर टिकणार?

अडगळीत एक बंद पडलेलं मशीन होतं, त्यातली दोन जीबीची पट्टी काढून लावली. मेमटेस्टची एक पूर्ण फेरी होऊ दिली, एकही लाल ओळ आली नाही. इन्स्टॉलेशन जुन्याच डिस्कवर पहिल्या झटक्यात झालं. एसएसडी परत बॅगेत टाकली.

शाळा सुटायला अर्धा तास होता. मॅडम स्वतः सातवीच्या वर्गात गेल्या आणि त्याला घेऊन आल्या. दारात थांबलेल्या त्याला म्हणाल्या, "तुझ्यावर उगाच ठपका ठेवला रे आम्ही. चुकलंच आमचं. ये, बस." तो माझ्याकडं बघत खुर्चीच्या कडेला टेकला. मी मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू करून दिला आणि म्हटलं, लिही काहीतरी. त्यानं एका बोटानं 'शा' आणला, मग बराच वेळ कळांवरून नजर फिरवली.

"काका, ळ कुठंय?"

"शिफ्ट धर आणि एन दाब."