पुणे ते सावंतवाडी, मध्ये अर्धा दिवस उद्यमनगर: नव्वदला झोके खाणाऱ्या स्विफ्टची गोष्ट

गाडी 2006 ची स्विफ्ट, 1.3 पेट्रोल. कंपनीचा ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करणारा भाग) काढून चार-दोन-एक हेडर (चार नळ्यांच्या दोन, दोनाची एक) टाकलाय, कोन फिल्टर (हवेचा उघडा फिल्टर) आहे, मागचा पाईप थोडा मोठा. हेडर बसवून दोन महिने झालेले आणि तेव्हापासूनच हायवेला गाडी विचित्र वागायची. पुण्यात एका गॅरेजला दाखवली, त्यांनी प्लग बदलले, मग पेट्रोलचा पंप बदलला, म्हणाले आता गेलं. शहरात चालवली तर खरंच गेल्यासारखं वाटलं, कारण शहरात सलग दोन मिनिटं 85 ला पाय स्थिर धरायला मिळतो कुठे!

खेड शिवापूरचा टोल सोडला, रस्ता मोकळा मिळाला, पाचवा गिअर, काटा 85-90 वर, आणि परत तेच. पाय एका जागी आहे पण गाडी जरा ओढते, मग सोडते, मग परत ओढते, होडीत बसल्यासारखं. मिसिंग मारते तसे गचके नाहीत, दीड-दोन सेकंदांची लाटच. हा फरक नीट लक्षात ठेवा, मेकॅनिकला नुसतं "झटके मारते" सांगितलं की तो प्लग आणि कॉइलकडेच जाणार.

खंबाटकी मात्र तिने दाबून चढवली, अजिबात तक्रार नाही. घाट संपला, सुरूर फाट्याच्या पुढे सपाटी आली की झोके सुरू. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पंप कमजोर असता तर चढाला रडला असता, कारण पेट्रोल सगळ्यात जास्त तिथे लागतं. फुल लोडला चांगली आणि हलक्या स्थिर पायाला वाईट, म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेव्हा ज्याचं ऐकतो तिथे गडबड. स्थिर वेगाला तो धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल कमी-जास्त करत असतो, पाय पूर्ण दाबला की सेन्सरकडे दुर्लक्ष करून स्वतःकडच्या ठरलेल्या आकड्यांच्या टेबलवर चालतो.

कराडजवळ चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली डोकं दुखतंय, एसीतून धुरासारखा वास येतोय. मी म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. चूक होती ती, आणि साधी चूक नाही. इंजिनपाशी एक्झॉस्ट लीक असेल तर कार्बन मोनॉक्साईड एसीच्या हवेतून आत येतो. असा वास आला तर बाहेरची हवा घेणारी खिटी बंद करून ब्लोअर बंद ठेवा, काचा खाली करा आणि गाडी लवकरात लवकर दाखवा.

कोल्हापूरला मित्राच्या ओळखीने शिवाजी उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. साठीतला माणूस, पहिला प्रश्न, "सकाळी थंड गाडी चालू केल्यावर टिकटिक वाजती का वो?" वाजायची! मी टॅपेट (व्हॉल्व्हचा आवाज) समजत होतो. गरम झाल्यावर बंद व्हायची, कारण धातू फुगून फट बुजते, पण पूर्ण बुजत नाही.

मग त्याने प्लग काढले, काळे, काजळी धरलेले, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. मल्टिमीटर सेन्सरच्या सिग्नल वायरला लावला, इंजिन गरम, रेस अडीच हजारावर स्थिर. चांगला सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये भराभर वरखाली नाचतो. आमचा 0.15 च्या आसपास बसून राहायचा आणि मध्येच एखादी उडी मारायचा. कमी व्होल्ट म्हणजे सेन्सर सांगतोय पेट्रोल कमी, प्लग सांगतायत जास्त. दोघांपैकी एक खोटं बोलतोय. "सेन्सर न्हाई खोटा, त्याला हवा खोटी मिळतीया," मिस्त्री म्हणाला.

लीक सेन्सरच्या अलीकडे असेल तर असं होतं. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांच्या मध्ये पाईपात क्षणभर ओढ तयार होते, फटीतून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, मग कमी करतो, परत वाढवतो. लीकचं प्रमाण वेगाप्रमाणे बदलतं, म्हणून हा खेळ संपतच नाही. आमचं मायलेज 15 वरून 11 वर आलं होतं ते याच्यामुळेच.

खात्री करायला इंजिन गार झाल्यावर सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडली आणि हेडरच्या फ्लँजवर (इंजिनला चिकटणारी सपाट पाटी) साबणाचं पाणी मारलं. तिसऱ्या पोर्टच्या (सिलिंडरमधून धूर बाहेर येतो त्या तोंडाच्या) खाली फसाफस बुडबुडे. हेडर काढला, फ्लँजवर तिथेच काळा फराटा, आणि पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) घातला तर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची फट. पातळ फ्लँज, वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेला, नवं पॅकिंग घालून काय उपयोग. शेजारच्या वर्कशॉपात फ्लँज ग्राइंडिंग करून सपाट केला. तेवढ्यात आम्ही मिसळ खाऊन आलो (कट जरा जास्तच घेतला, पुढे आजऱ्यापर्यंत पाण्याची बाटली हातातच). नवं स्टीलचं पॅकिंग, नट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे आवळले.

तुमच्याकडे असाच प्रकार असेल तर पार्ट बदलत सुटण्याआधी हे करा: ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर काढून दहा किलोमीटर चालवा. चेक इंजिनचा दिवा लागेल, लागू दे. झोके गेले तर गडबड सेन्सरची किंवा त्याच्या आधीच्या लीकची. पण तसंच गोव्याला जाऊ नका, पेट्रोल जास्त गेलं तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतो. नाहीच गेले तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर (हवेची झडप किती उघडलीय ते सांगणारा) बघा, पेडल सावकाश दाबताना व्होल्टेज एकसारखं चढलं पाहिजे, मध्येच पडलं तर तिथे सेन्सरच्या आतली पट्टी झिजलीय. नव्या गाडीत स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघायचा, 10 टक्क्यांच्या वर सतत प्लस असेल तर शंका घ्या. आणि गरम हेडरजवळ कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधायला जाऊ नका, आग लागते, साबणाचं पाणी पुरतं.

निपाणी, आजरा, आंबोली असे गेलो, निपाणीपर्यंत चौपदरीला काटा 90 वर, पाय स्थिर, गाडी स्थिर. दुसऱ्या दिवशी मावशीच्या अंगणात, इंजिन पूर्ण गार असताना, मिस्त्रीने बजावल्याप्रमाणे नट परत तपासले. पाचपैकी दोन पाव फेरा फिरले.