मिनिट्समध्ये न बसलेलं

कंपनी सेक्रेटरी म्हणून माझं निम्मं आयुष्य बैठकांची मिनिट्स, म्हणजे इतिवृत्तं, लिहिण्यात गेलं. ‘सविस्तर चर्चेअंती ठराव संमत’ या ओळीमागे दोन तासांची खडाजंगी असते. कोण चिडलं, कोण गप्प बसलं, हे लिहायचं नसतं. ते डोक्यात साठत गेलं आणि मी एकांकिका लिहू लागले.

अपंग हक्कांच्या कामात ओढलं ते आमच्याच वार्षिक अहवालानं. एका दृष्टिहीन भागधारकानं सभेत सांगितलं, “तुमचा अहवाल माझा स्क्रीन रीडर वाचतच नाही.” पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर घरी येऊन मीच लावून पाहिलं. आम्ही छापील पानं स्कॅन करून पीडीएफ बनवली होती. म्हणजे अक्षरं नाहीतच, अक्षरांचे फोटो. पान उलटत होते, आवाज म्हणत होता, ‘ग्राफिक... ग्राफिक...’ कंपन्यांच्या कारभारावरच्या १९९२च्या ब्रिटिश कॅडबरी अहवालापासून आमचा व्यवसाय खुलेपणाचा जप करतोय. आणि संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग हक्क करारातलं सुगम्यतेचं कलम ९ मी तोवर उघडूनही पाहिलं नव्हतं.

पुढे अशाच कामातल्या एका संस्थेची मी विश्वस्त झाले. वरिष्ठांना जाता-येता तोंडी सांगितलं होतं. वर्षभरानं त्याच संस्थेला मदत देण्याचा प्रस्ताव कंपनीच्या अजेंड्यावर आला, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, “कागद कुठाय?” संचालकांच्या मागे लागून, त्यांचे हितसंबंध कुठे आहेत ते सांगणारी पत्रं गोळा करणारी मी, आणि माझंच पत्र नाही! त्याच दिवशी लिहून दिलं. तो विषय निघाला तशी उठले. मिनिट्स सहायकाकडे, मी बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर. इतक्या वर्षांत बंद दाराच्या या बाजूला पहिल्यांदाच बसले होते. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, कशावर ते आजही माहीत नाही.

खरी ओढाताण लेखनात झाली. एका एकांकिकेत एका संचालकाचं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उतरलं होतं, आणि तालमीत टाळी त्यालाच पडायची. नाव बदलून भागलं असतं, असं मित्र म्हणाले. नसतं भागलं, खोलीत मोजकी माणसं होती, ज्याचं त्याला कळलंच असतं. वाक्य काढलं. प्रवेश लंगडा झाला, तो शेवटपर्यंत सुधारला नाही.

तेव्हापासून बैठकीत ऐकलेलं नाटकात नाही. खुर्ची मात्र माझी होती. बंद दाराबाहेर बसलेल्या बाईवर नवी एकांकिका लिहिली आणि या वेळी प्रयोगाआधीच कंपनीला रीतसर कळवलं.

पत्रावर शेरा आला, ‘नोंद घेतली.’