ग्वाल्हेर ते आग्रा, जानेवारीतलं धुकं आणि पद्मिनीचा कार्बोरेटर

काकांची प्रीमियर पद्मिनी घेऊन जानेवारीत ग्वाल्हेरहून आग्र्याला जाऊन आलो, अंतर जेमतेम १२० किलोमीटर, पण थंडीत जुनी गाडी बाहेर काढणाऱ्यांच्या कामी येईल म्हणून नीट लिहितोय.

आधी सकाळी ग्वाल्हेरच्या लश्कर भागातून निघणं. गाडी बरेच दिवस उभी असली की कार्बोरेटरच्या (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल उडून जातं, मग नुसता सेल्फ (स्टार्टर) मारत राहिलं तर बॅटरीच बसते, त्यापेक्षा बॉनेट उघडून पेट्रोल पंपाचा हाताने मारायचा लिव्हर मारा, तो हलका लागायला लागला की चेंबर भरला समजा. मग चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) पूर्ण ओढायचा आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय अजिबात लावायचा नाही, कारण या गाडीच्या सोलेक्स कार्बोरेटरमध्ये चोकची वाट वेगळी असते आणि थ्रॉटल (पायाने उघडणारी झडप) बंद असेल तरच ती पेट्रोल नीट ओढते. इंजिन धरलं की चोक हळूहळू आत, नाहीतर स्पार्क प्लग काळे होतात.

मुरैनापर्यंत मस्त आलो. पुढे चंबळ नदीच्या अलीकडे दाट धुकं लागलं आणि गाडीचा दमच जायला लागला, पिकअप नाही, आयडलिंगला बंद. टपरीवरचा एक जण "जेट में कचरा है" (कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या बारीक भोकात कचरा अडकलाय) म्हणत स्क्रूड्रायव्हर घेऊनच आला, पण काका म्हणाले, "थांब रे, पेच फिरवू देऊ नको, आधी हात लावून बघ." कार्बोरेटरचा गळा बाहेरून बर्फासारखा गार, त्यावर पांढरट दव गोठलेलं, आणि वीतभर अंतरावर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा पाइप) चटका बसेल इतका तापलेला!

पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता खेचते, व्हेंचुरीतलं (कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातलं) तापमान वीसेक अंशांनीसुद्धा पडू शकतं, त्यामुळे बाहेर ८-१० अंश असले तरी धुक्यातलं पाणी थ्रॉटलपाशी गोठतं. कोरड्या थंडीत हा त्रास कमी, ओल्या थंडीत जास्त. उपाय एकच, इंजिन बंद करून बॉनेट लावा आणि दहा-पंधरा मिनिटं चहा घ्या, इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो. आमची गाडी नंतर एका सेल्फमध्ये उठली. कचरा असता तर नुसतं थांबून फरक पडला नसता, हीच बर्फ जमल्याची खूण.

मग आम्ही गरम हवा आत जावी म्हणून एअर क्लीनरचं तोंड एक्झॉस्टच्या बाजूला फिरवून घेतलं, ग्रिलचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला (टेम्परेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून हं, ऊन पडलं की काढायचा), धौलपूर ते आग्रा काहीही त्रास नाही.

हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि ते पाणीही ओढतं, तेव्हा टाकी रिकामी ठेवून गाडी उभी करू नका आणि निघायच्या आधी रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) बघून घ्या. अँबेसिडरमध्ये एसयू कार्बोरेटर असेल तर डॅशपॉटचं (त्याच्या वरच्या नळीतलं) तेल बघा, फार जाड असलं तर थंडीत कार्बोरेटरचा पिस्टन आळसावतो. आणि जमत असेल तर धुकं उठल्यावरच निघा, तोवर मुरैनाला गरम गरम गजक मिळते.