नागपूर ते मालवण: गाडी काढायची की विमान पकडायचं?

झिरो माइलचा दगड गावात आहे याचा नागपूरकराला अभिमान असतो, पण त्याचा दुसरा अर्थ असा की कुठलाही समुद्र जवळ नाही. पेंच, चिखलदरा, पचमढी, जबलपूर ही सगळी गाडीची ठिकाणं. हैदराबाद पाचशे किलोमीटर, तेही गाडीनेच. केरळ किंवा काश्मीर म्हटलं की विमान किंवा रेल्वे, त्यातही वाद नाही. घोळ होतो तो नऊशे ते बाराशे किलोमीटरच्या पट्ट्यात, आणि कोकण नेमकं तिथे बसतं. ‘काढा ना गाडी, सकाळी निघू न्‌ रात्री पोचू,’ म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो. मामांचं ऐकू नका. नागपूर–मालवण साधारण हजार किलोमीटर आहे, शेवटी घाट आहे, आणि मुलंबाळं घेऊन ते दोन दिवसांचंच काम आहे.

आता विमानाकडे वळू. मालवणसाठी सोयीचा विमानतळ गोव्याचा मोपा. २०२३ च्या जानेवारीत तो सुरू झाला, पेडणे तालुक्यात, आपल्या सीमेला लागूनच. सिंधुदुर्गात चिपीलाही २०२१ पासून विमानतळ आहे, पण तिथल्या फेऱ्या मोजक्या आणि बदलत्या, त्यामुळे त्यावर विसंबून हॉटेलचे पैसे भरू नयेत. मुंबईत विमान बदलून जायचं तर वेळ असा जातो: घर ते सोनेगाव विमानतळ पाऊण तास, उड्डाणाआधी दोन तास, मुंबईपर्यंत दीड तास, तिथे तीनेक तास थांबणं, मोप्यापर्यंत सव्वा तास, सामान हाती यायला अर्धा-पाऊण तास आणि पुढे टॅक्सीचे दोन-अडीच तास. झाले बारा तास. थोडक्यात, विमानाचाही अख्खा दिवस जातो. गाडीचे दोन जातात. जाऊन-येऊन फरक दोन दिवसांचा, आणि निर्णय घेताना पुढ्यात ठेवायचा आकडा हाच.

हे दोन दिवस किती रुपयांना पडतात ते काढू. मोठी तीन, मुलं दोन, एकूण पाच माणसं आणि नऊ दिवसांची सुट्टी असं धरतो. पेट्रोल गाडी, हायवेवर लीटरला १६ किलोमीटर. जाणं-येणं दोन हजार आणि तिथलं फिरणं चारशे, म्हणजे दीडशे लीटर. लीटरला १०५ रुपये धरले तर १५,७५०. टोलसाठी तीन हजार बाजूला ठेवा. जाता-येता एकेक रात्र, प्रत्येकी दोन खोल्या आणि वाटेतलं खाणंपिणं मिळून दहा हजार. झाले २८,७५०. बहुतेक जण इथेच थांबतात, पण टायर, ऑइल आणि सर्व्हिसिंगची झीज किलोमीटरला दोन रुपयांनी तरी धरायलाच हवी. तिचे ४,८०० मिळवले की साडेतेहतीस हजार.

विमानाचं तिकीट सुट्टीच्या गर्दीत एका बाजूला सात हजार धरलं तर पाच जणांचे दोन्हीकडचे सत्तर हजार. दोन वर्षांवरच्या मुलालाही पूर्ण तिकीट लागतं. मोप्याहून नेण्या-आणण्यासह सहा दिवस टॅक्सी, दिवसाला साडेतीन हजारांनी, आणखी २१ हजार. मालवणात उतरल्यावर तारकर्ली, देवबाग, कुणकेश्वर, वेंगुर्ले सगळं विखुरलेलं, आणि रिक्षात पाच जण बसत नाहीत. टॅक्सी टाळता येत नाही, आणि घरच्या हिशोबात नेमकी हीच रक्कम धरलेली नसते. एकूण ९१ हजार. म्हणजे दोन दिवस वाचवायचे साडेसत्तावन्न हजार. तिकीट साडेचार हजारांना मिळालं तरी फरक बत्तीस हजारांच्या वर राहतो. दोघंच जाणार असतील तर गणित पालटतं: तिकिटं दोनच, आणि टॅक्सीऐवजी स्कूटर चालते. सुट्टी पाचच दिवसांची असेल तर कितीही माणसं असोत, गाडी विसरा. चार दिवस रस्त्यावर घालवून एक दिवस समुद्र बघण्यात काय अर्थ?

माझं मत स्पष्ट आहे. चार किंवा जास्त माणसं, आठ किंवा जास्त दिवस आणि घरात गाडी चालवणारे दोघं असतील तर गाडी. यातली एक जरी अट तुटली तर विमान. दुसऱ्या चालकाची अट लोक हसण्यावारी नेतात, पण ती सगळ्यांत महत्त्वाची आहे. एकट्याने सलग दोन दिवस पाचशेच्या आसपास किलोमीटर चालवणारा माणूस तिसऱ्या दिवशी हॉटेलात झोपून असतो, मग वाचवलेल्या पैशांचा उपयोग काय?

आजी-आजोबा बरोबर असतील तर घर दोन भागांत वाटायलाही हरकत नाही. ते दोघं आणि सोबतीला एक जण विमानाने, बाकीचे सामानासकट एक दिवस आधी गाडीने. तिथे गाडी हाताशी असल्यामुळे टॅक्सीचे २१ हजार वाचतात आणि गुडघे दुखणाऱ्यांना हजार किलोमीटर बसावं लागत नाही. व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडतं, त्यामुळे दिवाळीची तारीख गाठून पहिल्याच सकाळी बसावं लागतं. गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून जाते, पण एका दिवसाहून जास्त वेळ घेते. ज्यांना घाई नाही त्यांनी जरूर जावं.

विमानच ठरलं तर तिकिटांची एक खुबी सांगतो. पाच जणांसाठी एकदम शोधलं आणि स्वस्त भाड्याच्या तीनच जागा उरल्या असतील, तर बहुतेक वेळा पाचही तिकिटं वरच्या भाड्याने दिसतात. आधी एका जागेचा दर बघा, मग तीन आणि दोन असं फोडून बघा. फरक मोठा असेल तर दोन पीएनआर काढा, मात्र प्रत्येकात एक मोठं माणूस हवंच. मुंबईत बदलायची दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर असावीत. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही जातात. शिवाय मुंबईची टी-१ आणि टी-२ ही टर्मिनल एकमेकांपासून लांब आहेत. सामान घेऊन बाहेर पडा, तिकडे जा, पुन्हा तपासणी. विमानांची वेळापत्रकं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दिवाळी त्याच सुमाराला येते, म्हणून ऑगस्टमध्ये काढलेल्या तिकिटाची वेळ ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासावी. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं आकाश निरभ्र असूनही विमानं रखडतात, कारण तेच विमान सकाळी दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं. त्या दिवसांत दुपारची फेरी बरी. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. चार बॅगा असतील तर त्याच्या नादी लागू नका.

आता गाडीचा रस्ता. पर्याय दोन. पहिला समृद्धीचा: शिवमडक्याहून चढायचं, छत्रपती संभाजीनगरला उतरायचं, मग अहिल्यानगर, पुणे, कोल्हापूर. पन्नास-साठ किलोमीटर जास्त पडतात, पण पुण्यात कुणीच नातेवाईक नाही असं नागपुरी कुटुंब शोधून सापडणार नाही, त्यामुळे मुक्काम फुकट. समृद्धीवर वेगमर्यादा १२० आहे, म्हणून १२० नेच जायला हवं असं नाही. शंभरला लीटरमागे १७ देणारी गाडी १२० ला १४ वर येते, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सरळ, रिकामा, एकसुरी रस्ता असल्याने दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात, आणि ते मिटल्याचं चालवणाऱ्याला कळतही नाही. दर दोन तासांनी चालक बदला. खरी परीक्षा मात्र समृद्धी संपल्यावर. रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली हा टप्पा संध्याकाळी गाठलात तर वाचवलेला वेळ तिथे गेला म्हणून समजा.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. राष्ट्रीय महामार्ग ३६१: बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड, पैनगंगा ओलांडून वारंगा फाटा, नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा, तुळजापूर. तिथून सोलापूर. हे सगळं साधारण सहाशे किलोमीटर, अकरा-बारा तास. पहाटे पाचला बुटीबोरी मागे टाकली की यवतमाळला सकाळचा चहा होतो. वारंगा फाट्याची खिचडी नावाजलेली आहे, मुलांच्या पोटालाही सोसते. लातूर दुपारी उशिरा, मुक्काम तुळजापूर किंवा सोलापूर. तुळजापूरला थांबलात तर पहाटेचं भवानीचं दर्शन होतं, आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला अंबाबाईचं. घरातली मोठी माणसं एवढ्यावरच गाडीच्या बाजूने मत देतात, आणि वाटेतले दोन दिवस वाया गेलेल्या दिवसांत मोजावे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी महामार्ग १६६ ने मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, सुमारे २३५ किलोमीटर. या भागात अंधार पडल्यावर चालवू नये. उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात आणि मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मराठवाड्यात ऑक्टोबरमध्ये रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं असतं. त्यावर ब्रेक दाबला तर गाडी घसरते. कोल्हापूरहून मालवणसाठी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल. वेंगुर्ल्याला जायचं असेल तर निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा हे घाटही उतरतात. पावसाळ्यात दरडी पडतात, दुरुस्तीसाठी घाट बंदही असतो, म्हणून कोल्हापुरातच पेट्रोल पंपावर विचारून घ्या. नकाशावरचं ॲप बंद घाटातूनही बिनधास्त नेतं. घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा आणि इंजिनलाच गाडी आवरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि ब्रेक धरेनासा होतो. तसं झालं तर थांबून अर्धा तास थंड होऊ द्या; तापलेल्या चाकावर पाणी ओतलं तर डिस्क वाकडी होते. मळमळणाऱ्या मुलाला मागच्या सीटवर मधोमध बसवा, नजर पुढच्या रस्त्यावर, मोबाइल बंद. गोळी द्यायची असेल तर ती घाटाच्या अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून.

गाडीची तयारी आठवडाभर आधी करावी, आदल्या दिवशी नाही. सर्व्हिसिंगनंतर दोन-तीन दिवस गावातच चालवली की सैल राहिलेला नट किंवा गळणारा पाइप घराजवळच कळतो. हवा थंड टायरमध्ये भरायची, आणि ड्रायव्हरच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असतो तो बघायचा. विदर्भात उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची पद्धत आहे, ती उलटी आहे. हवा कमी असली की टायरची बाजू सतत दुमडते, त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षं झालेला टायर या प्रवासाला नको. स्टेपनीत हवा आहे का बघा, आणि ती बारीक असेल तर तिच्यावर ८० च्या वर जाता येत नाही हे ध्यानात ठेवा. जॅक कुठे लावायचा ते घरीच एकदा करून बघा. छोट्या गाडीत पाच माणसं बसल्यावर सामानाला फार तर ऐंशी-नव्वद किलो उरतात. कडक सुटकेसऐवजी मऊ बॅगा घ्या, कोपऱ्यात बसतात.

फास्टॅगचा वार्षिक पास ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झाला, दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष. तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, समृद्धीवर नाही. समृद्धीचा टोल राज्याच्या महामंडळाचा आहे, तो शिल्लक रकमेतूनच कापला जातो, तेव्हा पास असला तरी पुरेसे पैसे ठेवा.

परतीचं सामान जातानाच डोक्यात ठेवावं. विमानात चेक-इनला साधारण १५ किलो आणि हातात ७, जास्तीच्या प्रत्येक किलोला पाचशेच्या वर मोजावे लागतात. सुकं खोबरं तेलकट आणि पेट घेणारं म्हणून चालत नाही, आगळाची (कोकमाच्या घट्ट रसाची) बाटली केबिनमध्ये नेता येत नाही. गाडी असेल तर नारळ, आगळ, कोकमं, काजू सगळं डिकीत मावतं. सुके बांगडे मात्र दोन डब्यांत बंद करून, मधे वर्तमानपत्र भरून ठेवा, नाहीतर नागपूरला पोचेपर्यंत सगळ्यांना खिडक्या उघड्या ठेवून बसावं लागेल.