तेवढं मात्र सांगणार नाही

"पण प्रयोग नेमका कशावर आहे?" सामाजिक मानसशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून नव्यानं आलेल्या पदवीच्या मुलीनं आज विचारलं. सीनियर म्हणाली, "डेटा गोळा होईपर्यंत तेवढं मात्र सांगणार नाही." मुलीचा चेहरा पडला. आपल्यावर विश्वास नाही, असंच वाटलं असणार.

मला रोझेंथल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांचा १९६३चा प्रयोग आठवला. विद्यार्थ्यांना एकसारखेच उंदीर दिले; काहींना सांगितलं हुशार आहेत, काहींना मठ्ठ. 'हुशार' उंदीर चक्रव्यूह खरंच लवकर शिकले! उंदरांना कुठे काय माहीत होतं? माहीत होतं ते विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या अपेक्षेचाच नकळत निकालावर परिणाम झाला. सहायकाला प्रयोगाचा हेतू आधीच कळला, तर इथेही तेच होऊ शकतं.

म्हणून गुप्तता हवीच. पण सहायक मुलांनी लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे, तासन्‌तास व्हिडिओ पाहून हावभावांना आकडे द्यायचे (कंटाळवाणं काम, खोटं कशाला बोला), आणि डेटा गोळा झाल्यावर या सहायक मुलांना बसवून सगळं समजावतं कोण?